कॉलम ‘गूच’ कूपरची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडला नोकरीसाठी गेलेली आपली मंडळी, त्यांच्याकडे उन्हाळ्यात महिनाभर राहून आलेले आईवडील, आणि रात्री क्रिकेटचे जुने व्हिडिओ बघताबघता भलत्याच खेळावर जाऊन पोचलेले लोक. मुख्यतः या तिघांकडून मला कूपरबद्दल विचारणा होते. तेच प्रश्न इथे क्रमांक देऊन एकत्र केले आहेत. खेळ अजिबात माहीत नसेल तर ३ आणि ४ आधी वाचा, नाहीतर पुढचे आकडे कोड्यात टाकतील.

१. हा कॉलम कूपर नेमका कोण?

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या केरी काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) गेलिक फुटबॉलपटू. जन्म १९८३ चा, गाव किलार्नी, क्लब डॉ. क्रोक्स. केरीच्या मुख्य संघातून तो २००२ ते २०१६ या काळातल्या चॅम्पियनशिपमध्ये खेळला आणि एप्रिल २०१७ मध्ये काउंटीच्या खेळातून निवृत्त झाला. तांबडे केस, अंगाने किरकोळ, आणि पहिल्या वर्षीच मोठ्या मैदानावर पन्नाशीतल्या माणसाच्या सावकाशीने खेळणारा. त्याच्या पिढीतला सर्वांत देखणा फॉरवर्ड कोण, असं आयर्लंडमध्ये विचारलंत तर केरीचे वैरीसुद्धा बहुतेक त्याचंच नाव घेतात. थोडी कुरकुर करून, पण घेतात.

२. ‘गूच’ म्हणजे आपला तो ग्रॅहम गूच का? आणि नाव कोल्म की कॉलम?

हा प्रश्न फक्त आपलेच लोक विचारतात आणि का विचारतात ते उघड आहे. ५ नोव्हेंबर १९८७ ला वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूचने स्वीपवर स्वीप मारून ११५ धावा केल्या आणि भारताला घरी बसवलं. ते नाव ऐकलं की मुंबईकरांच्या पोटात अजून खड्डा पडतो. पण या गूचचा त्या गूचशी काहीही संबंध नाही. कूपर लहान असताना त्या काळातल्या एका खेळण्यातल्या बाहुल्यासारखा दिसतो म्हणून क्लबमधल्याच कुणीतरी त्याला चिडवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. केरीत ‘कूपर’ कुणी म्हणत नाही, ‘द गूच’ म्हणतात. आपल्याकडे ‘मास्टर’ म्हटल्यावर पुढचं नाव लागत नाही, तसंच.

उच्चार ‘कॉलम’, दोन अक्षरी. इंग्रजी अक्षरांवरून ‘कोल्म’ वाटतं, पण आयरिश नावं अक्षरांवरून वाचण्याचा हट्ट सोडलेला बरा. त्याच्याबरोबर खेळलेल्या केनेलीचं पहिलं नाव ‘टाइग’ असं उच्चारतात. त्याचं स्पेलिंग बघाल तर विश्वास बसणार नाही.

३. हा सॉकर आहे की रग्बी? आणि १-२० म्हणजे काय, वीस गोल?

दोन्ही नाही. पंधरा-पंधरा खेळाडू, गोल चेंडू, हातही चालतो आणि पायही. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. त्याआधी तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावरून पुन्हा हातात उडवायचा. लागोपाठ दोनदा आपटता येत नाही. दुसऱ्याला द्यायचा तर लाथेने किंवा मुठीने-पंजाने मारून, नुसता फेकून नाही. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर कूपरच्या काळात एक गुण, त्याला पॉइंट म्हणतात.

धावफलकावर आधी गोल आणि मग पॉइंट. १-२० म्हणजे एक गोल आणि वीस पॉइंट, एकूण २३. ०-१६ आणि १-९ असा निकाल असेल तर पहिला संघ चार गुणांनी जिंकला. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. मोठ्या काउंटी सामन्यांची वेळ ७० मिनिटं, पस्तीस-पस्तीस.

४. केरी म्हणजे गोव्यातलं केरी नव्हे ना? आणि क्लब वेगळा, काउंटी वेगळी, हे काय प्रकरण आहे?

सत्तरीतल्या केरीच्या वाचकांनो, क्षमस्व, हे दुसरं केरी. आयर्लंडमध्ये प्रत्येक खेळाडू आपल्या गावच्या किंवा पेठेच्या क्लबकडून खेळतो. तिथे जो चमकेल त्याला काउंटीच्या संघात बोलावतात. काउंटीच्या संघांची उन्हाळी स्पर्धा म्हणजे ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिप आणि तिचा करंडक सॅम मॅग्वायर कप. अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर, बसायला ८२ हजारांहून अधिक जागा. क्लबांची ऑल-आयर्लंड स्पर्धा वेगळी असते आणि कूपरच्या काळात तिचा अंतिम सामना १७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेला व्हायचा.

काउंटी बदलता येत नाही असं नाही, पण लिलाव नाही, बोली नाही, करार नाही. जिथले तुम्ही, तिथलेच बहुधा मरेपर्यंत. केरी ही या खेळातली सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेली काउंटी. त्यामुळे तिथे हिरवा-सोनेरी जर्सी घालणाऱ्याकडून ‘चांगला खेळलास’ एवढ्यावर कुणी समाधान मानत नाही.

योगायोग म्हणून सांगते: कूपरचा क्लब डॉ. क्रोक्स आणि डब्लिनचं क्रोक पार्क, दोन्ही एकाच माणसाच्या नावाने आहेत, आर्चबिशप टॉमस क्रोक. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचा तो पहिल्या आश्रयदात्यांपैकी एक.

५. एवढा मोठा खेळाडू, मग वर्षाला कमावत किती होता?

खेळण्याचा पगार म्हणाल तर शून्य. हा खेळ हौशी आहे. कूपर बँकेत नोकरी करायचा. ऐंशी हजारांसमोर रविवारी खेळायचं आणि सोमवारी काउंटरपलीकडच्या माणसाकडून कालच्या चुकलेल्या फ्री किकबद्दल ऐकून घ्यायचं, हे त्या खेळातल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतं. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी पोलिस. प्रवासखर्च आणि जाहिरातींतून थोडंफार मिळतं. निवृत्तीनंतरच्या त्या गाजलेल्या जेवणाबद्दल विचारायचं असेल तर प्रश्न १६ पाहा.

६. तो ‘कॉर्नर फॉरवर्ड’ होता म्हणजे काय? त्यात एवढं कौतुक कशाचं?

मैदानाचा सगळ्यांत गैरसोयीचा कोपरा म्हणजे कॉर्नर फॉरवर्डची जागा. गोलपासून जवळ, पण बाजूला. म्हणजे खांब तिरके दिसतात. पाठीला पाठ लावून एक बचावपटू दिवसभर चिकटलेला, तो बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा दणकट आणि त्याचं एकमेव काम तुम्हाला चेंडू मिळू न देणं. चेंडू कधी येईल ते तुमच्या हातात नाही. मधल्या फळीतून कुणीतरी चाळीस-पन्नास मीटरवरून लाथाडणार आणि तोवर तुम्ही वाट बघायची. वीस मिनिटं काहीच येत नाही. मग येतो तेव्हा दोन सेकंद मिळतात.

कूपरचं वैशिष्ट्य असं की त्याला त्या दोन सेकंदांत चार मिळायचे. तो जोरात पळणारा नव्हता, उंच उडी मारणारा नव्हता, धडक देणारा तर नव्हताच. चेंडू हातात येण्याआधीच बचावपटूचा भार कोणत्या पायावर आहे ते त्याला ठाऊक असायचं, आणि तो त्याच्या उलट्या बाजूला वळायचा. डावा-उजवा दोन्ही पाय चालायचे, त्यामुळे ‘याला डावीकडे ढकला’ ही नेहमीची मात्रा लागू पडत नसे. मारण्याचा आव आणून बचावपटूला हवेत झेपावू द्यायचं आणि तो खाली येईपर्यंत शांतपणे पॉइंट घ्यायचा. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू जसा कोपऱ्यातल्याला हूल देऊन परत येतो, तसं. पकडणाऱ्याला कळतं तेव्हा त्याच्या हातात हवा असते.

नुसता गोल करणाराही तो नव्हता. आपल्याला जागा नाही असं दिसलं की चेंडू ज्याला जागा आहे त्याच्या पुढ्यात पडायचा. या दुसऱ्या गुणामुळेच पुढे त्याची जागा बदलली, ते प्रश्न १२ मध्ये.

७. केरीकडून सुरुवात कधी झाली?

२००२. प्रशिक्षक पॉडी ओ शे. पोराचं वय १९ आणि पहिल्याच उन्हाळ्यात थेट ऑल-आयर्लंडचा अंतिम सामना. समोर आर्मा काउंटी, ज्यांनी तोवर एकदाही सॅम मॅग्वायर उचलला नव्हता. आर्मा १-१२, केरी ०-१४. एका गुणाने गेला. कूपरला त्या वर्षी ऑल स्टार मिळाला (प्रश्न ११), पण केरीत हरलेल्या वर्षाचा ऑल स्टार म्हणजे लग्न मोडल्यावर आलेला आहेर.

८. पहिलं विजेतेपद?

२००४, जॅक ओ’कॉनरच्या हाताखाली, मेयोविरुद्ध. १-२० विरुद्ध २-९. केरीचा एकमेव गोल कूपरचा, शिवाय पाच पॉइंट. उंचावरून आलेला चेंडू त्याने बचावपटूच्या डोक्यावरून झेलला, आत शिरला, एकाला चकवलं आणि गोलकीपरच्या बाजूने चेंडू जाळ्यात असा सरकवला जणू दार लोटायचं आहे. ताकद म्हणून काही लावलीच नाही. केरीत लहान मुलं अजून घराच्या आवारात तो गोल करून बघतात, अर्थात आपटून घेतात.

९. ऑल-आयर्लंड किती? कुठे चार लिहितात, कुठे पाच.

मैदानावर खेळून चार: २००४, २००६, २००७, २००९. पाचवं २०१४ चं. त्या वर्षी केरीने अंतिम सामन्यात डोनेगॉलला २-९ विरुद्ध ०-१२ असं हरवलं, पण कूपर गुडघ्याच्या दुखापतीमुळे वर्षभर बाहेर होता (प्रश्न १३). संघाच्या खात्यात धरणारे पाच म्हणतात, खेळलेल्याचंच धरणारे चार. मी चार धरते.

पण माझ्या मते मोजायचं तर अंतिम सामने मोजा. २००२, २००४ ते २००९ सलग सहा, २०११, २०१५. एकूण नऊ. चार जिंकले, पाच हरले. २००६ ला मेयोचा ४-१५ विरुद्ध ३-५ असा धुव्वा उडवला. त्याच वर्षी कूपरचे वडील वारले होते आणि उन्हाळाभर त्याच्या खेळात ती पोकळी दिसत होती. अंतिम सामन्यात मात्र त्याने गोल केला. २००७ ला समोर कॉर्क, शेजारची काउंटी. मुन्स्टर प्रांतातल्या दोन काउंट्या अंतिम सामन्यात भिडण्याची ती पहिलीच वेळ. केरी ३-१३, कॉर्क १-९, कूपरचा पुन्हा एक गोल.

२००६ पासून त्याच्या शेजारी फुल फॉरवर्डच्या, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या, जागी किअरन डॉनही उभा राहू लागला. सहा फूट पाच इंच उंच, बास्केटबॉल खेळलेला गडी. लांबून उंच मारलेला चेंडू डॉनहीने वर पकडायचा आणि खाली कूपरने घ्यायचा. ताडाचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी टपलेलं मांजर. दोन वर्षं कुणाला यावर तोड सापडली नाही.

१०. टिरोनशी नेहमी का हरायचे?

नेहमी नाही, पण २००३ ते २००८ या काळात चॅम्पियनशिपमध्ये तीनदा भिडले आणि तिन्ही वेळा हरले: २००३ च्या उपांत्य सामन्यात ०-१३ विरुद्ध ०-६, २००५ च्या अंतिम सामन्यात १-१६ विरुद्ध २-१०, २००८ च्या अंतिम सामन्यात १-१५ विरुद्ध ०-१४. टिरोनचा प्रशिक्षक मिकी हार्ट. त्याचं तंत्र असं की चेंडू ज्याच्या हातात, त्याच्याभोवती तिघे-चौघे माश्यांसारखे घोंगावायचे. फॉरवर्डसुद्धा मागे पळत येऊन अडवायचे. केरीची पद्धत लांब लाथेची आणि प्रत्येकाने आपला माणूस सांभाळायची. २००३ चा तो सामना बघताना जुन्या केरीवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली होती.

कूपरच्या बाबतीत यातली गोम अशी: तो मुळात कोपऱ्यात येणाऱ्या चेंडूवर जगणारा खेळाडू. चेंडू मधेच अडला तर त्याची कला कोपऱ्यातच राहते. या काळातल्या केरीच्या पराभवांत त्याला हरवलं असं क्वचितच म्हणता येईल. त्याच्यापर्यंत वाट जाऊ दिली नाही, एवढंच.

११. ऑल स्टार म्हणजे काय आणि त्याला किती मिळाले?

वर्षाच्या शेवटी सगळ्या काउंट्यांतून निवडलेला पंधरांचा कागदावरचा संघ. कूपर आठ वेळा: २००२, २००४, २००५, २००७, २००८, २०१०, २०११, २०१३. केरीत त्याच्यापुढे पॅट स्पिलेन, नऊ वेळा.

ही यादी प्रश्न ९ शेजारी ठेवून बघा. करंडक जिंकलेल्या चार वर्षांपैकी दोन, २००६ आणि २००९, यात नाहीत. उलट आठपैकी सहा ऑल स्टार केरी हरलेल्या वर्षांचे आहेत. म्हणूनच पदकांच्या संख्येवरून त्याला तोलणाऱ्यांशी माझं जमत नाही.

१२. मग तो नंतर मधे खेळायला लागला, ते कशासाठी?

२०१३ च्या मोसमासाठी एमन फिट्झमॉरिस प्रशिक्षक झाला. त्याने कूपरला कोपऱ्यातून उचलून सेंटर फॉरवर्डला, ११ नंबरच्या जागी आणलं. वय तिशीला टेकलं होतं, कोपऱ्यातल्या धावाधावीपेक्षा त्याच्या नजरेचा उपयोग जास्त होता. स्वयंपाकघरातली सगळ्यांत चांगली सुरी शोकेसमधून काढून ओट्यावर ठेवावी, तसं झालं. त्या वर्षीच्या डब्लिनविरुद्धच्या उपांत्य सामन्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे.

१३. गुडघ्याची दुखापत काउंटीकडून खेळताना झाली ना?

नाही, आणि ही चूक बरेच जण करतात. फेब्रुवारी २०१४, क्लबच्या ऑल-आयर्लंडचा उपांत्य सामना, पोर्टलीशला, समोर कॅसलबार मिचेल्स. गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट फाटला आणि वाटीही मोडली. वय तीस. अशा दुखापतीनंतर फॉरवर्डचा वळण्याचा आत्मविश्वास जातो, आणि कूपरचा सगळा संसार तर वळण्यावरच. तो २०१५ ला परतला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात डब्लिनच्या फिली मॅकमॅहनने त्याला जखडून ठेवलं आणि वर स्वतः पुढे जाऊन पॉइंटही मारला. ०-१२ विरुद्ध ०-९. ज्याने आयुष्यभर बचावपटूंना नाचवलं, त्याला आता आपल्या बचावपटूच्या मागे धावावं लागत होतं.

१४. २००९ ला त्याला संघातून काढलं होतं, हे खरं का? आणि २०११ ला तोच कर्णधार?

दोन्ही खरं, पण दोन वेगळ्या गोष्टी.

२००९ ला केरीचा उन्हाळा रडतखडत चालला होता. स्लायगोविरुद्ध कसेबसे वाचले. त्या सामन्यानंतर कूपर आणि टोमास ओ शे दारू प्यायला बसले. जॅक ओ’कॉनरने पुढच्या अँट्रिमविरुद्धच्या सामन्यात दोघांनाही सुरुवातीच्या पंधरांतून वगळून बाकावर बसवलं. केरीत त्याची चर्चा आठवडाभर चहाच्या टेबलावर होती. मग उपांत्यपूर्व सामना, समोर डब्लिन, आणि सगळे म्हणत होते केरी संपली. पहिल्याच मिनिटात कूपरचा गोल. केरी १-२४, डब्लिन १-७. अंतिम सामन्यात कॉर्कला ०-१६ विरुद्ध १-९ असं हरवलं, त्यात कूपरचे सहा पॉइंट. त्या संघात टाइग केनेलीही होता, ज्याने २००५ ला सिडनी स्वान्सकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं विजेतेपद मिळवलं होतं.

कर्णधारपदाची गंमत वेगळी. केरीत त्या काळी कर्णधार प्रशिक्षक निवडत नसे. आदल्या वर्षी काउंटीतली क्लब स्पर्धा जो क्लब जिंकेल, त्याने कर्णधाराचं नाव द्यायचं. २०१० ला डॉ. क्रोक्स जिंकले, म्हणून २०११ ला कूपर. (क्रोक्सने २०१० ते २०१३ सलग चार वर्षं ती स्पर्धा जिंकली.) अंतिम सामना डब्लिनशी. कूपरचा पहिल्या अर्धात गोल. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असताना केरी चार गुणांनी पुढे. तिथून केव्हिन मॅकमॅनमनचा गोल, बरोबरी, आणि भरपाईच्या मिनिटांत डब्लिनचा गोलकीपर स्टीफन क्लक्स्टन आपला गोल सोडून पुढे चालत आला आणि त्याने फ्री किक दांडीवरून मारली. १-१२ विरुद्ध १-११. हातातोंडाशी आलेला घास गेला. कर्णधार म्हणून क्रोक पार्कच्या होगन स्टँडच्या पायऱ्या चढून करंडक घेण्याची संधी कूपरला परत मिळाली नाही.

१५. त्याचा शेवटचा सामना कोणता? तीन वेगवेगळी उत्तरं सापडली.

काउंटीकडून चॅम्पियनशिपचा शेवटचा सामना ऑगस्ट २०१६ चा, डब्लिनविरुद्ध उपांत्य फेरी, ०-२२ विरुद्ध २-१४, दोन गुणांनी पराभव. निवृत्ती जाहीर झाली ४ एप्रिल २०१७ ला. त्या दोन तारखांच्या मधे क्लबचा ऑल-आयर्लंड अंतिम सामना. आणि निवृत्ती फक्त काउंटीपुरती होती, त्यानंतरही तो क्रोक्सकडून खेळला. म्हणून तीन उत्तरं.

मधला सामना हा माझ्या दृष्टीने खरा शेवट. १९९२ ला डॉ. क्रोक्स पहिल्यांदा क्लबचं ऑल-आयर्लंड जिंकले तेव्हा संघासोबत शुभचिन्ह म्हणून जर्सी घालून मैदानात आलेलं आठ वर्षांचं पोर म्हणजे कूपर. त्यानंतर क्लबला ते पुन्हा जमेना. २००७ ला अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि क्रॉसमॅग्लेनने रिप्लेमध्ये हरवलं. २०१२, २०१३, २०१४, सलग तीन वर्षं उपांत्य फेरीत घरी, आणि त्यातल्या तिसऱ्या वेळी गुडघाही गेला. केरीकडून सगळं मिळालेल्या माणसाला आपल्या गल्लीतल्या पोरांबरोबरचं एक पदक मिळत नव्हतं. १७ मार्च २०१७ ला क्रोक पार्कवर स्लॉटनीलविरुद्ध ते आलं, १-९ विरुद्ध १-७. क्रोक्सचा एकमेव गोल कोणी केला हे सांगायला नकोच. अठरा दिवसांनी त्याने केरीची जर्सी ठेवून दिली.

१६. निवृत्तीनंतर पैसे जमवायला मेजवानी ठेवली म्हणून टीका झाली, ते काय?

ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्लिनच्या एका हॉटेलात त्याच्या सन्मानार्थ भोजन झालं, माणशी ५०० युरो. काही रक्कम धर्मादाय कामांना आणि उरलेली त्याला. क्रिकेटमध्ये बेनिफिट सामने होतात, आपल्याला त्यात वावगं वाटणार नाही. पण हौशी खेळात असं कुणी केलं नव्हतं. एक बाजू म्हणाली, पंधरा वर्षं फुकट खेळला, घेऊ द्या. दुसरी म्हणाली, आज याला, उद्या सगळ्यांना, मग हौशीपण कुठे राहिलं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि ५०० युरोंचं जेवण तिसऱ्याच कारणासाठी पटत नाही: त्याला कोपऱ्यात उभं राहून वर्षानुवर्षं बघणाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं.

१७. सर्वाधिक गुणांचा विक्रम अजून त्याचाच आहे का?

नाही. चॅम्पियनशिपच्या ८५ सामन्यांत त्याचे २३-२८३, म्हणजे ३५२ गुण. निवृत्तीच्या वेळी तो विक्रम होता. २०१९ मध्ये मेयोचा किलियन ओ’कॉनर त्याच्या पुढे गेला.

आताच्या खेळाडूंशी तुलना करणार असाल तर एक खोच आहे. २०२५ पासून नियम बदलले आणि ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळू लागले. कूपरच्या काळात पन्नास मीटरवरून मारा की पाचवरून, एकच. शिवाय मागचा-पुढचा हिशेब करताना लक्षात ठेवा की कूपरच्या निवृत्तीनंतर काही वर्षं एका उन्हाळ्यात काउंटीला पूर्वीपेक्षा जास्त सामने मिळत होते.

१८. त्याचा एकही सामना पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करू?

निवृत्तीनंतर तो आयरिश टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करायला बसला, पण ते नको. २००४ चा गोल (प्रश्न ८) आणि २००९ चा पहिल्या मिनिटातला (प्रश्न १४) दोन मिनिटांत बघून होतील. मग वेळ काढून २०१३ चा डब्लिनविरुद्धचा उपांत्य सामना लावा. यात कूपर गोल करत नाही. चेंडूकडे बघू नका, फक्त ११ नंबरकडे बघा. चेंडू येण्याआधी तो मान वळवून एकदा मागे बघतो, आणि मग डब्लिनच्या बचावफळीमागे, जिथे अजून कुणीच नाही तिथे, चेंडू टाकतो. तेवढ्यात तिथे हिरव्या-सोनेरी जर्सीतला कुणीतरी पोचलेला असतो. पूर्वार्धात केरीचे तीन गोल झाले.

मध्यंतर झालं की बंद करा. उत्तरार्धात डब्लिन जिंकते, ३-१८ विरुद्ध ३-११.